दुसरी वेलांटी

फूचिंग शहरात, बसथांब्यामागे,
नळाच्या तोट्या विकणाऱ्या दुकानाच्या वर
वंगबाईंचा वर्ग भरतो, रात्री साडेसातला.
आज फळ्यावर एकच क्रियापद: लीव्ह.
लिहून घ्या, बाई म्हणतात. अर्थ: जाणे.
सगळ्यांनी चिनीत लिहिलं, ली. दूर होणे.
मग म्हणतात, अर्थ दुसरा: ठेवणे, राहू देणे.
पेनं थांबली.
"ली की लिऊ? बाई, एक काय ते सांगा."

लिऊ हे अक्षर काढताना तळाशी शेत येतं,
चार चौकोनी वाफ्यांचं,
माणूस उठून गेला तरी जागचं न हलणारं.
आणि इंग्रजीला दोन्हींत मिळून एकच शब्द!
"गरीब भाषा," ट्रक चालवणारा श्वे म्हणाला.
"गरीब नाही, काटकसरी.
पाहुणा गेला. पाहुण्यानं चहा तसाच ठेवला.
क्रियापद तेच."
बसमध्ये छत्री राहिली, तरी तेच.
दार उघडं असू द्या, तेच.
कारखान्यात ताप आल्यावर दोन दिवस मागायचे, तेही तेच.
(आपली सुट्टीसुद्धा सुटण्यातूनच आली,
पण आपण ती कॅलेंडरवर लाल करून विसरतो.)

भूतकाळ: लेफ्ट. लेफ्ट म्हणजे डावाही.
"मग गेलेले सगळे डावीकडे गेले का?"
बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागच्या बाकावर नी त्साय-युन्.
दिवसभर शिंपले सोलते, वहीला समुद्राचा वास.
नवरा बेलफास्टला, टेकअवेच्या भट्टीपाशी,
एकोणीस वर्षं.
जाताना ठेवून गेला: एक सायकल,
सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी,
आणि "दोन वर्षांत येतो".
पुढल्या महिन्यात ग्वांगचौला तिची व्हिसाची मुलाखत.

बाई खुर्ची ओढून अधिकारी होतात.
कुठे राहता?
"आय लीव्ह इन फूचिंग."
लिव्ह. आखूड. ओठ ताणायचे नाहीत.
"लीव्ह."
पुन्हा.
"लीव्ह."

आपल्याला सोपं आहे. पहिली वेलांटी दिली की राहिला,
दुसरी दिली की गेला;
चुकली तर गुरुजी लाल गोल करतात, अर्धा गुण कापतात.
त्साय-युन्‌च्या कानाला वेलांटी नाही.
ती सांगते आहे की मी फूचिंगमध्ये राहते,
आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं, मी निघाले.
सासूची दुपारची गोळी चुकवून,
सायकलला कुलूप लावून,
निघाले.

बाईंनी पुढचा प्रश्न वाचला, कागदावरून, थंड आवाजात.
मुदत संपल्यावर तुम्ही हा देश सोडाल का?
"येस," त्साय-युन् म्हणाली. "आय विल."
आणि पहिल्यांदाच हसली.
बाईंनी पेन खाली ठेवलं. चिनीत विचारलं,
"तुला काय ऐकू आलं?"
"तुम्ही विचारलंत ते."
"राहाल का, की जाल का?"
तिनं वहीत पाहिलं. वहीत दोन्ही होतं.
"बाई," ती म्हणाली, "उत्तर एकच चालेल ना?"

वर्ग सुटताना तिनं पिशवी काढली. नासपती.
इथे नासपतीलाही लीच म्हणतात,
म्हणून कुणी कापून वाटत नाही; फोड केली की ताटातूट.
माणसं सात, फळं सहा.
सुरी टेबलावर होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.
श्वे म्हणाला, मला गोड चालत नाही.
त्याला गोड चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवा मालवायला बाई परत आल्या, तर
शेवटच्या बाकावर एक अख्खी नासपती.
नी त्साय-युन् लेफ्ट, बाई पुटपुटल्या,
आणि थबकल्या; पुढे कर्म जोडावं की नाही.
गेली, एवढंच?
की ठेवून गेली?

फळा त्यांनी पुसला नाही.
जिन्यात, खाली तोट्यांच्या दुकानाचं शटर पडत असताना,
उभ्यानंच दातांनी फळ खाल्लं,
सालीसकट, रस मनगटापर्यंत.
बिया रुमालात बांधल्या.